तांबडा रणगाडा

अण्णा,

तुझ्या माळ्यावरची विमानं आणि रणगाडे अजून कुणी हलवलेले नाहीत. परवा वैनी फडकं घेऊन जिना चढली आणि तिसऱ्या पायरीवरून परत खाली आली. फडक्यानं पुसलेलं तुला चालायचं नाही. केसाएवढ्या अँटेना आणि मुगाएवढी चाकं फडक्यात अडकून मोडायची. त्यासाठीचा मऊ ब्रश कुठं असतो ते मला माहीत आहे, पण मीही तो काढून दिला नाही. बसू दे चार दिवस धूळ.

तू जाऊन आज नववा दिवस. आपल्यात शेवटी नेतात तसं तुला मखरात बसवून नेलं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान किंचित डावीकडे. त्या सजवलेल्या मखराला आपली जुनी माणसं विमान म्हणतात, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, “विमान उचला,” आणि मी चमकून तुझ्याकडं बघितलं. एरवी तू हळूच विचारलं असतंस, “कुठल्या मापाचं?”

खरं सांगते, त्या गर्दीत मला हसू आलं. तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, रडतेय. मग खरंच रडले.

मी सहावीत होते तेव्हा तू बारावीची परीक्षा दिली होतीस. लक्ष्मीपुरीत आपलं रंगाचं दुकान, दुकानामागं घर आणि घराच्या दारात जास्वंद. अव्वा तुला पूजेची फुलं आणायला पाठवायची आणि तू दोन-तीनच घेऊन यायचास. झाड तर भरलेलं असायचं. “आळशी हाय त्यो,” अव्वा म्हणायची. एकदा मी खिडकीतून बघितलं, तर तू एकेक फांदी हातानं चाचपत होतास. फूल हाताला लागलं की तोडत होतास. मी बाहेर येऊन म्हणाले, “अरे, ते बघ की, तुझ्या नाकासमोर.” तू माझ्याकडं बघितलंस आणि हातात होती तेवढी फुलं घेऊन आत गेलास.

त्याच उन्हाळ्यात तू विमानदलाच्या भरतीला गेलास आणि चौथ्या दिवशी परत आलास. अप्पांना सांगितलंस, “उंची कमी पडली.” तू अप्पांपेक्षा चार बोटं उंच होतास. अप्पा “बरं” म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला माळ्यावर नेलंस. दुपारी एक ते चार दुकानाचं शटर खाली असायचं. खाली अप्पा झोपलेले, वर रंगाचे जुने डबे, टर्पेंटाईनचा वास, आणि छपरातल्या काचेच्या कौलातून येणारा उन्हाचा एकच पट्टा. त्यात धूळ तरंगत होती. तू त्या धुळीकडं बघत बोलत होतास.

“पुस्तक हुतं, सुमे. पानभर ठिपके. डॉक्टर म्हणाला, ह्यातला आकडा वाच. सगळ्या पोरांना आकडा दिसला. मला नुसते ठिपके.”

“मग?”

“मग दुसरं पान. तिथंबी ठिपके.”

तांबडा आणि हिरवा तुला वेगळे दिसत नव्हते. तपकिरीही त्यातच जायचा. रंगाच्या दुकानदाराच्या पोराला रंग कळत नाहीत, हे बाहेर गेलं तर गिऱ्हाईक हसेल, म्हणून कुणाला सांगायचं नाही, अशी तू मला शपथ घातलीस. दुकानात तुझं अडत नव्हतं. डब्यांवर नंबर असायचे आणि तुला सगळे नंबर पाठ होते. मी शपथ घेतली. अकरा वर्षांच्या मुलीला मोठ्या भावाचं गुपित मिळणं म्हणजे काय असतं, ते तुला कळलं होतं की नाही कोण जाणे. मी महिनाभर हवेत चालत होते.

मुंबईहून माल घेऊन येणाऱ्या एका एजंटानं तुला पहिलं खोकं आणून दिलं. त्यात मिग विमानाचे राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग होते आणि परक्या भाषेतला एक नकाशा. तू ते तीन आठवडे नुसतं उघडून बघत होतास. मग नेलकटरनं एकेक भाग सांगाड्यापासून सोडवलास, माझ्या पाटीच्या दगडावर घासलास, जोडलास. विमान वीतभर झालं. ते चंदेरी होतं, म्हणून रंगाचं निभावलं. दुसरं हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं निघालं, आणि तिथं मी आले.

“ह्यो?”

“हिरवा.”

“आणि ह्यो?”

“तपकिरी.”

“दोन्ही एकच हायत की.”

“नाहीत.”

“मग फरक सांग.”

तो फरक मी तुला सात वर्षं सांगत होते. हिरवा म्हणजे कच्च्या कैरीसारखा, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, “ते आंबट झालं. रंग कुठं हाय त्यात?” मी म्हणायचे, सावलीत बसल्यासारखा. तू म्हणायचास, “ते गार झालं.” तपकिरीला मी एकदा तापलेल्या कौलाची उपमा दिली, तर तू खरंच उठून छपराच्या कौलाला हात लावून आलास आणि म्हणालास, “आता आणखी एक रंग भाजला.” त्या वेळी मला तुझा राग यायचा. मी इतकं जीव तोडून सांगायची आणि तू चेष्टा करायचास. आता वाटतं, माझं बोलणं चालू राहावं म्हणूनच तू ते मोडून काढत होतास.

खोकं वर्षाला एखादंच मिळायचं. मग तू स्वतःच करायला लागलास. संपलेल्या रिफिलची तोफ झाली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांचे रणगाड्याचे पट्टे झाले. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की तिचा केसासारखा धागा निघायचा. तो ओढताना तू श्वास रोखायचास आणि मलाही रोखायला लावायचास. दुपारभर आपण दोघं असे श्वास धरत आणि सोडत बसलेलो असायचो. थिनरच्या वासानं डोकं हलकं व्हायचं. खाली रस्त्यावरचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे यायचे. विमान पुरं झालं की तू पाठीवर आडवा व्हायचास, एक डोळा मिटायचास आणि ते कौलाच्या उजेडात वर धरायचास. मीही शेजारी आडवी व्हायची. हात दिसेनासा व्हायचा. विमान तेवढं उरायचं.

रविवारी सकाळी बुटांच्या खोक्यात रणगाडा घालून आपण सायकलवरून कळंब्याला जायचो. तळ्याच्या बांधावर पोटावर पडून गाल जमिनीला टेकवला की गवताची झाडं व्हायची आणि रणगाडा खरा व्हायचा. एकदा एक म्हातारी शेळ्या घेऊन चालली होती. तिनं विचारलं, “काय हारिवलंय काय, लेकरांनु?” तू पडल्या पडल्या म्हणालास, “न्हाय, आज्जे. सापडलंय.”

तिथं तू जास्त बोलायचास. विमानातून कळंब्याचं तळं कसं दिसेल, तुरुंगाची भिंत कशी दिसेल, उसाचे फड कसे दिसतील, ते सांगायचास. मग विचारायचास, “आता उसाचा रंग कसला असंल?” मी सांगायची. “आणि नांगरलेल्या रानाचा?” तेही सांगायची. उंची तुझी आणि रंग माझे. असं आपण कोल्हापूरवरून किती वेळा उडालो असू, अण्णा.

माझं लग्न ठरलं आणि पेठ वडगाव म्हणजे काही परदेश नव्हे, असं सगळे म्हणाले. हळदीच्या आदल्या दुपारी मी माळ्यावर जाऊन तुझ्या सगळ्या छोट्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘हिरवा, सैन्याचा.’ ‘हिरवा, पानाचा.’ ‘तपकिरी, मातीचा.’ ‘तांबडा, रेड ऑक्साईड.’ डबे लाकडी खोक्यात ओळीनं उभे असायचे, वरूनच दिसायचे. म्हणून मी चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवल्या. डब्यांच्या पोटावर रंगाचे ओघळ असतात, तिथं चिठ्ठी घाण झाली असती. मला वाटलं, मी फार विचारानं काम केलंय.

तीन वर्षांनी एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरलं. तुला त्यात एक टेबल मिळालं. तोवर तुझं लग्न झालं होतं, पण रंगांचं तू वैनीलाही सांगितलं नव्हतंस. मी लेकीला घेऊन सकाळच्या एसटीनं आले. तू मला थेट माळ्यावर नेलंस. टेबलावर रुमाल झाकलेला होता. तो तू दोन बोटांनी अलगद उचललास.

“बघ. सगळा माझा हाय. तुझ्याबिगर केलेला पहिला.”

रणगाडा इतका देखणा होता की आधी मला रंग दिसलाच नाही. झाकणांच्या बिजागऱ्या, बाहेर बांधलेली काडीएवढी पहार. पट्ट्यांत अडकलेला चिखल तू पंचगंगेची माती चाळून केला होतास. मग मला रंग दिसला. तोफेच्या टोकापासून मागच्या साखळीपर्यंत तो तांबडा होता. आपण ग्रिलला पहिला हात मारतो तसल्या रेड ऑक्साईडचा.

तेव्हाच सांगता आलं असतं. एवढा एक नको नेऊ, बाकीचे ने, असं म्हणता आलं असतं. पण तुझा चेहरा मी इतका मोकळा क्वचित बघितला होता. मी म्हणाले, “छान झालाय.”

वैनीनं तो आधी बघितला होता. तिला वाटलं, असतील तांबडेपण.

हॉलमध्ये तासाभरात बरीच माणसं आली. कुणी हसलं असेल, कुणी कुजबुजलं असेल. तुझ्या ते ध्यानात आलं नाही. मग पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ टेबलापुढं येऊन थांबले. राधानगरीकडचे, रणगाड्यांच्या दलातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पंधरा वर्षं गाडा चालवला होता. त्यांनी चष्मा काढला, वाकले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पावणं, गाडा झ्याक हाय. पर ह्यो तांबडा का वो?”

तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं.

तेवढ्यात तुला सगळं कळलं असणार. पण तू रंगाच्या दुकानदाराचा मुलगा होतास. शांतपणे म्हणालास, “रंग व्हायचाय अजून. प्रायमर मारलाय.”

“आस्सं व्हय,” दफेदार म्हणाले. परत वाकले, टेबलाच्या कडेला गाल लावून त्यांनी एका डोळ्यानं रणगाडा बघितला, आपण कळंब्याला बघायचो तसा. “आमचा गाडा बी दुरुस्तीवरनं असाच आलता एकदा. तांबडाभडक. दोन दिस तसाच उभा हुता. हसायचो की आम्ही.” बराच वेळ ते तसेच राहिले.

संध्याकाळी घरी चालत येताना लेक माझ्या खांद्यावर झोपली होती आणि खोकं तुझ्या हातात होतं. तू विचारलंस, “तुला सकाळीच दिसलं हुतं?”

“व्हय.”

“मग?”

मी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“तूच गप बसलीस तर मी कुणाला विचारायचं, सुमे?”

तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू अगदी हळू बोललास. घरी आल्यावर मी पिशवी आणायला माळ्यावर गेले आणि लाकडी खोकं बघितलं. ‘हिरवा, सैन्याचा’ लिहिलेलं झाकण रेड ऑक्साईडच्या डब्यावर बसलं होतं, आणि त्याचं झाकण हिरव्यावर. कधीतरी साफसफाईत झाकणं बदलली होती. डब्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिणारी मी. मी दोन्ही झाकणं परत आपापल्या डब्यांवर दाबून बसवली, हात पदराला पुसले आणि खाली आले. हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

त्यानंतर सहा महिने तू माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोललास. मी आले की तुला दुकानात काम निघायचं. माळ्याला कुलूप होतं. मला वाटायचं, ‘चुकलं’ एवढ्या एका शब्दाची तर गोष्ट होती. आणि तो एक शब्द आता म्हणायला गेलं तर सोबत झाकणांचंही सांगावं लागलं असतं.

पुढचं मला वैनीकडून कळलं. दफेदार दाराला रंग घ्यायला दुकानात आले आणि त्यांनी विचारलं, “त्या गाड्याला रंग मारला काय?” दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तू म्हणालास, “न्हाय मारला. प्रायमर न्हवता त्यो. मला तांबडं-हिरवं कळत न्हाय. चुकून झालं.” वैनी आतून ऐकत होती. दफेदार म्हणाले, “मग तसाच ऱ्हाऊ दे. मला द्या. आमच्या गाड्यागत हाय.” तू तो त्यांना देऊन टाकलास. गिऱ्हाइकं हसली नाहीत. एक जण तर म्हणाला, त्याच्या चुलत्यालाही तसंच आहे, आणि तो पिकलेली मिरची हातानं दाबून तोडतो.

तिथून तू सुटलास. दुकानात येईल त्याला विचारायला लागलास, “पावणं, ह्यो कुठला रंग वो?” वैनी तर माझ्यापेक्षा हुशार निघाली. कैरी नाही, कौल नाही. “आणि दोन थेंब पिवळा,” एवढंच म्हणायची आणि ते बरोबर असायचं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, अण्णा. अकराव्या वर्षापासून सांभाळलेलं गुपित तू एका परक्या माणसाला भर दुकानात देऊन टाकलंस आणि माझ्याकडं काही उरलं नाही, असं वाटलं. कित्येक दिवस मी माहेरी आले नाही.

मग एका दुपारी तू स्कूटरवरून वडगावात हजर झालास. पुढ्यात बुटांचं खोकं. चहा घ्यायच्या आधी झाकण काढलंस आणि हिरवं विमान माझ्या हातावर ठेवलंस.

“बरोबर हाय काय बघ.”

“वैनीनं बघितलं नाही?”

“बघितलंय की. ती बरोबर हाय म्हणती.”

मी दाराशी उजेडात जाऊन पाहिलं. “पिवळा थोडा जास्त झालाय,” मी म्हणाले. खरंच झाला होता. तू खोकं बंद केलंस, चहा घेतलास, लेकीला स्कूटरवरून एक चक्कर मारून आणलीस आणि गेलास. पुढच्या रविवारी विमान नव्यानं रंगवून परत घेऊन आलास. आपण त्या सहा महिन्यांवर एक अक्षर बोललो नाही.

शेवटची पाच-सहा वर्षं तर तू सुखातच होतास. सायबर कॅफेत बसून जगभरच्या तुझ्यासारख्या वेड्या माणसांशी बोलायचास. विमानांचे फोटो छापून आणायचास ते काळे-पांढरे. कॅफेवाला म्हणायचा, “रंगीत काढू की.” तू म्हणायचास, “मला दोन्ही तेवढेच.” पोलंडच्या कुणीतरी तुझ्या रंगकामाची तारीफ केली होती. ते पत्र तू वैनीला मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि मग मला फोन करून पुन्हा वाचलंस.

तू असताना मला झाकणांचं सांगायचं होतं. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. आज दुपारी ते मी वैनीला सांगितलं. अप्पा खाली गल्ल्यापाशी बसले होते. या वयात परत बसतात. आम्ही दोघी तुझ्या जिन्यात बसलो होतो, ती वरच्या पायरीवर आणि मी खालच्या. मी सगळं सांगितलं. चिठ्ठ्या कुठं चिकटवल्या, झाकणं कशी सापडली, ती गुपचूप कशी बदलली.

वैनी म्हणाली, “त्यांना म्हाईत हुतं, सुमनताई.”

“काय?”

“त्या तांबड्या डब्याला पोचा हुता. हिरवा म्हणून त्यांनी पोचा आलेल्या डब्यातनंच रंग घेतलता. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर पोचा आलेल्या डब्यावर रेड ऑक्साईडचं झाकण. म्हणले, सुमीनं बदललंय. तिला वाटतंय, तिच्यामुळं झालं. मला कळलंय असं तिला सांगू नको, उगं मनाला लावून घेईल.”

“तुम्हाला कधी सांगितलं हे?”

“दफेदार येऊन गेले त्या रात्री.”

“आणि ते सहा महिने? माझ्यावर रागावला होता ना तो?”

“रागावले कुठले? लाजले हुते. तुमच्याम्होरं तोंडावर पडलो, असं झालतं त्यांना.”

तूच गप बसलीस तर, असं मला ऐकवणारा तू, पुढं सात वर्षं, शेवटपर्यंत गप्प बसलास. आणि आपण दोघं एकाच कारणासाठी गप्प बसलो, दुसऱ्याला लागू नये म्हणून. मी तसं म्हणाले, तर वैनीला हसू फुटलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मग मलाही आवरेना. आम्ही दोघी जिन्यात तोंडाला पदर लावून हसत होतो आणि मधूनच रडत होतो, आणि कुठलं काय आहे ते कळत नव्हतं.

“एनातु?” खालून अप्पांनी विचारलं. काय झालं, म्हणून. अप्पा घाबरले की त्यांना कानडी येतं.

वैनीनं डोळे पुसले. “काय न्हाय, अप्पा,” ती म्हणाली. “ह्यांची एक लबाडी सापडली.”

खाली गल्ल्याचा खण बंद केल्याचा आवाज आला. मग अप्पा म्हणाले, “एकच?”